‘नाईस’, नेणता आणि विहिरीची पाळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात पुण्याच्या एका वाचकांचं पत्र छापून आलं आहे. ‘नाईस’ या इंग्रजी शब्दाचा ‘खरा’ अर्थ मूर्ख असा आहे, तेव्हा मराठी माणसांनी तो उच्चारू नये आणि शाळेतल्या बाईंनी मुलांच्या वहीवर तो लिहिणं ताबडतोब थांबवावं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात हे पत्र माझ्याआधी नातीने वाचलं. ती सातवीत आहे. तिच्या चित्रकलेच्या वहीत अजिंक्यताऱ्याच्या चित्राखाली लाल शाईत हाच शब्द आहे. वही घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “आजी, बाई मला येडी म्हणाल्यात का गं?”

तिला मी पोळ्या लाटता लाटता उत्तर दिलं. पण पत्र तुमच्याकडे छापून आलं आहे, तेव्हा उत्तरही तुमच्याकडेच पाठवते. या शब्दाशी माझा जुना हिशेब आहे. एका जिल्हा न्यायालयात भाषांतराच्या टेबलावर मी ३१ वर्षं काढली. इंग्रजी निकालपत्रांचं मराठी आणि मराठी खरेदीखतांचं इंग्रजी, हे माझं रोजचं दळण. त्या दळणात ‘नाईस’ने माझी एकदा चांगलीच फजिती केली होती. ती पुढे सांगते. आधी पत्रलेखकांचं जे बरोबर आहे ते मान्य करते.

‘नाईस’चं मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’ या शब्दात आहे. त्यातला ‘ने’ म्हणजे नाही, आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. न जाणणारा, तो नेस्कियुस. हा ‘ने’ आपल्या संस्कृत ‘न’चा सख्खा भाऊ. ‘स्कीरे’पासूनच ‘सायन्स’ आला. म्हणजे नातीच्या दप्तरातलं विज्ञानाचं पुस्तक आणि चित्राखालचा लाल शेरा हे एकाच घरातले, फक्त एकाच्या कपाळी नकार बसला. ‘स्कीरे’ची नाळ विद्वान मंडळी कापणे, वेगळे करणे या अर्थाच्या धातूशी, म्हणजे आपल्या ‘छिद्’च्या कुळाशी जोडतात. मला हे वाचल्यावर ‘विवेक’ आठवला. तोही ‘विच्’पासून, वेगळे करणे यापासूनच आलेला. दाण्यातून खडा वेगळा काढता आला की कळलं म्हणायचं, हे रोमच्या लोकांनाही आणि आपल्याही लोकांना सुपात पाखडतानाच सुचलं असावं असं मला वाटतं. (हे शेवटचं वाक्य माझं, विद्वानांच्या माथी मारू नका.)

आता गंमत अशी, की नेस्कियुसची बांधणी जशीच्या तशी असलेला शब्द मराठीत आहे, आणि पत्रलेखकांना तो आठवला नाही. तो शब्द म्हणजे ‘नेणता’. जाणता आणि नेणता, जाणीव आणि नेणीव. संतांच्या अभंगांत ‘नेणे’, ‘नेणता’ पदोपदी भेटतात. आणि नेणता म्हणजे मूर्ख का? नेणतं लेकरू म्हणताना आपण त्याला शिवी देत नाही, उलट जवळ घेतो. शब्दाच्या पोटात ‘न जाणणे’ एवढंच असतं. त्याच्याकडे कौतुकाने बघायचं की तुच्छतेने, हे त्या त्या काळातली माणसं ठरवतात. आपल्याकडे ते लेकराच्या बाजूला झुकलं. फ्रान्समध्ये बाराव्या शतकाच्या सुमाराला ते मूर्खाच्या बाजूला झुकलं आणि साधारण १३०० साली त्याच अर्थाने इंग्लंडात उतरलं. चौदाव्या शतकातला कवी चॉसर हा शब्द वापरतो तेव्हा त्याला खुळाच म्हणायचं असतं. स्पॅनिशमध्ये तर याच घराण्यातला ‘नेसियो’ आजही मूर्खच आहे. तिथे कोणी कोणाच्या वहीवर तो लिहीत नसणार.

इथपर्यंत पत्रलेखक बरोबर. पण ते १३०० सालात गाडीतून उतरले आणि परत चढलेच नाहीत.

पुढचा प्रवास मात्र मजेचा आहे. मूर्ख म्हणजे ज्याला पाचपोच नाही असा. पाचपोच नाही म्हणजे उधळा, छचोर, भडक कपडे करणारा. तिथून शब्दाने उलटीच उडी मारली आणि तो लाजाळू, आढेवेढे घेणारा झाला. आढेवेढे घेणारा म्हणजे सहजासहजी काही पसंत न पडणारा, म्हणजे चोखंदळ. चोखंदळ माणसाला बारीक फरक दिसतात, म्हणून सोळाव्या शतकापर्यंत सूक्ष्म, काटेकोर, नेमका हेही अर्थ त्याला चिकटले. ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशानेच नोंदवून ठेवलंय, की सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक वाक्यांत हा शब्द नक्की कोणत्या अर्थाने आलाय ते सांगणं अवघड आहे. कोशकारांनी असे हात टेकले की मला फार बरं वाटतं. नोकरीत आम्हालाही अधूनमधून तशी मुभा असती तर!

मग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आजचा गोडगोड अर्थ रुळला. चांगला, प्रसन्न, आवडण्याजोगा. चोखंदळ माणसाला जे आवडतं ते चांगलंच असणार, अशा वाटेने तो आला असावा. म्हणजे ‘न जाणणारा’ इथून निघून ‘बारकावे जाणणारा’ इथपर्यंत हा शब्द पोचला, आणि मग सगळं सोडून नुसता ‘छान’ झाला. पेन्शनीत गेला म्हणा हवं तर.

पण सरकारी माणूस पेन्शनीत गेला तरी जुन्या फायलींवर त्याची सही राहतेच. त्या सहीनेच माझी फजिती केली.

वर्ष १९८६. मला लागून तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं येतं असं वाटायचे ते दिवस होते. एका दिवाणी दाव्याचं इंग्रजी निकालपत्र टेबलावर आलं. दोन चुलतभावांमधला पाण्याचा तंटा. त्यांच्या आज्याच्या वेळचं, १९३८ सालचं मोडीतलं वाटणीपत्र होतं. जमीन कमीजास्त असल्यामुळे सामाईक विहिरीवर थोरल्या घराला आठवड्यातले चार दिवस आणि धाकट्या घराला तीन दिवस पाळी लिहून दिलेली. कित्येक वर्षं कोणाची तक्रार नव्हती. कारण विहिरीवर मोट होती. बैल उजाडल्यावर जुंपायचे आणि दिवस कलला की सोडायचे. रात्री मोट कोण हाकतो? मग विहिरीवर विजेची मोटर बसली. लाईट यायची ती बरेचदा रात्री, आणि लोक कंदील घेऊन दारं धरायला जाऊ लागले. आता रात्रीचं पाणी कोणाचं?

थोरलं घर म्हणे, दिवस म्हणजे चोवीस तास. चार दिवस आमचे, तर चार रात्रीही आमच्याच. धाकटं घर म्हणे, आज्याने लिहिलं तेव्हा दिवस म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंतच, कारण मोटेला दुसरा दिवसच माहीत नव्हता. रात्र कोणी वाटलीच नाही. जे वाटलं नाही ते सामाईक राहिलं, तेव्हा रात्रीचं पाणी निम्मं निम्मं.

न्यायाधीशांनी या टप्प्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, की इथे कायद्याचा एक ‘नाईस’ प्रश्न उपस्थित होतो. आणि मी लिहिलं, “येथे कायद्याचा एक छान प्रश्न उपस्थित होतो.”

आमचे शिरस्तेदार सगळ्यांचे भाऊसाहेब होते. धोतर नेसून येणारे कचेरीतले ते शेवटचे. भाषांतर नकलेसाठी जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “ताई, हा म्हातारा अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय. नक्कल घरी नेऊन नातवाकडून वाचून घेणार. आणि नातू त्याला वाचून दाखवणार, की साहेबांना आपलं भांडण छान वाटलं?”

मी हसले नाही. त्या वयात हसता येत नाही. मी म्हटलं, भाऊसाहेब, नाईस म्हणजे छानच की. त्यांनी कपाटातून एक जाडजूड इंग्रजी कोश काढला. त्याची पाठ सुटली होती म्हणून तो फायलीच्या लाल फितीने बांधलेला असायचा. ते पान उघडून मला दिलं आणि चहा प्यायला निघून गेले. तिथे ‘छान’ होतं, पण खाली. वर होतं ते सूक्ष्म, काटेकोर, बारीक भेद असलेलं. कायद्याच्या इंग्रजीत हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी असतात आणि केसाएवढ्या फरकावर निकाल फिरतो, असा मुद्दा म्हणजे ‘नाईस’ मुद्दा.

मग त्याला मराठी काय करायचं यावर आमची दुपार गेली. मी म्हटलं ‘नाजूक’. भाऊसाहेब म्हणाले, ताई, नाजूक प्रकरण म्हटलं की लोक बाईमाणसाचं नाव शोधायला लागतात. ‘सूक्ष्म’ त्यांना पोथीतलं वाटलं. बेलिफ शेजारी उभे होते, ते म्हणाले ‘काट्यावरचा’ लिहा, तराजूचा काटा. मला तो शब्द फार आवडला होता, पण काट्यावरचा म्हणजे बाभळीच्या काट्यावरचा असं कोणी वाचलं तर काय, या भीतीने तो गेला. शेवटी ‘बारकाव्याचा प्रश्न’ असं ठरलं. आज लिहायचं झालं तर मी बेलिफांचा शब्द घेईन.

हे सगळं सांगायचं कारण असं. पत्रलेखक म्हणतात, शब्दाचा पहिला अर्थ तोच खरा. धाकट्या घराचं म्हणणं नेमकं हेच होतं. आज्याने लिहिलं तेव्हा जो दिवस होता तोच दिवस. आणि थोरल्या घराचं म्हणणं, की आज लोक ज्याला दिवस म्हणतात तो दिवस. दस्तऐवजाच्या बाबतीत धाकट्याच्या म्हणण्यात वजन आहे. लिहून देणाऱ्याच्या मनात तेव्हा काय होतं हे कोर्टाला बघावंच लागतं. पण भाषा म्हणजे वाटणीपत्र नव्हे. तिच्यावर कोणी अंगठा उठवलेला नाही. नातीच्या बाईंच्या मनात १३०० सालचं लंडन नव्हतं, तीस वह्या तपासून व्हायच्या होत्या एवढंच होतं.

आणि मूळ अर्थच खरा मानायचा, तर मग घरातूनच सुरुवात करू. पत्रलेखकांनी ‘नाईस’ऐवजी ‘छान’ किंवा ‘मस्त’ म्हणा असं सुचवलंय. मस्त हा फारसी शब्द, आणि त्याचा अर्थ झिंगलेला, धुंद झालेला. हत्ती माजावर येतो तेव्हा इंग्रजही त्याच्या त्या अवस्थेला हाच शब्द वापरतात, इथूनच नेलेला. तेव्हा वहीवर ‘मस्त’ लिहिणाऱ्या बाईंनी मुलीला दारुडी ठरवलं की माजलेला हत्ती?

‘साहस’ घ्या. आम्हा कोर्टातल्या लोकांचा हा लाडका शब्द. धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा. दाव्यांची जी अठरा पदं मनुस्मृती मोजते, त्यात त्याचा नंबर लागतो. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव आहे. प्रथम साहस २५० पण (पण म्हणजे तेव्हाचं नाणं), मध्यम साहस ५०० पण, उत्तम साहस १००० पण. आणि आज आपण पोरांना पैसे भरून साहस शिबिराला पाठवतो, वर त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावतो. ‘शिक्षा’ हिंदीत शाळेत मिळते, मराठीतही पूर्वी शाळेत मिळायची, पण निराळी. ‘राजीनामा’ म्हणजे शब्दशः राजीखुशीचा कागद. हिंदी पट्ट्यात दोन पक्षांची तडजोड झाली की राजीनामा होतो. आमच्याकडे जमिनीचा कब्जा सोडताना राजीनामा आणि घेणाऱ्याची कबुलायत असायची, आणि आता मंत्री देतात तो राजीनामा. त्यात राजी कोण असतं ते वाचकांनी ठरवावं.

मला मात्र सगळ्यात चटका लावून जातो तो ‘देवानांप्रिय’. सम्राट अशोक आपल्या लेखांतून स्वतःला या नावाने म्हणवतो. देवांना प्रिय असलेला. त्याचे लेख काही फक्त उत्तरेत नाहीत; आपल्या नालासोपाऱ्यालाही त्याच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला, आणि नवव्याचा पुढे १९५६ मध्ये. एवढ्या मोठ्या राजाची ही पदवी पुढच्या संस्कृत व्याकरणकारांच्या हाती लागली, आणि भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत ‘देवानांप्रिय’ याचा अर्थ काय दिला आहे? मूर्ख. नाईस मूर्खपणातून वर चढला आणि सम्राटाची पदवी मूर्खपणात उतरली. आता पत्रलेखकांच्या न्यायाने अशोकाला जुन्या अर्थाने वाचायचं आणि दीक्षितांना चूक ठरवायचं, की कसं? दोघंही आपापल्या काळात बरोबर होते.

इंग्रजीतही अशी उलटी घसरण आहे. ‘सिली’ हा शब्द जुन्या इंग्रजीत सुखी, धन्य, ईश्वराची कृपा असलेला अशा अर्थाचा होता. जर्मनमधला त्याचा भाऊ ‘झेलिश’ आजही धन्यच आहे. इंग्रजीत तो धन्यचा निष्पाप झाला, निष्पापचा बिचारा झाला आणि बिचाऱ्याचा बावळट झाला. आपला ‘भोळा’ याच उतारावर आहे, पण महादेवाने त्याला धरून ठेवलंय म्हणून घसरला नाही. आणि ‘इग्नोरामस’ तर आमच्याच खात्यातला. लॅटिनमध्ये तो शब्द नाहीच, ते पूर्ण वाक्य आहे, “आम्हांस ठाऊक नाही.” इंग्लंडात ग्रँड ज्युरीला, म्हणजे खटला चालवायचा की नाही ते ठरवणाऱ्या पंचांना, पुरावा अपुरा वाटला की आरोपाच्या कागदामागे ती हे लिहायची. १६१५ साली केंब्रिजला पहिल्या जेम्स राजापुढे याच नावाचं एक लॅटिन नाटक झालं, त्यातल्या अडाणी वकिलाचं नाव इग्नोरामस ठेवलं होतं, आणि तेव्हापासून ‘आम्हांस ठाऊक नाही’ म्हणजे ठार अडाणी माणूस झाला. कचेरीत ‘ठाऊक नाही’ असं लिहून द्यायला कोणी का धजत नाही ते मला हे वाचल्यावर कळलं.

जाता जाता बिस्किटांचंही सांगते, कारण नातीने तेही विचारलं. वर साखर पेरलेलं, खोबऱ्याच्या वासाचं, मधोमध इंग्रजीत नाव कोरलेलं नाईस बिस्कीट. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर याच अक्षरांचं एक शहर आहे, त्याचा उच्चार ‘नीस’. बिस्किटाचं नाव बहुधा त्याच्यावरून. ते ग्रीकांनी वसवलं, आणि त्याचं नाव ग्रीक ‘निके’, म्हणजे विजय, या शब्दावरून आलं असं मानतात. म्हणजे मूर्खाशी त्याचं काही देणंघेणं नाही. अक्षरं सारखी म्हणून नातं सारखं नसतं. आमच्या आळीत दोन पाटील आहेत, त्यांचं आपसात काही नाही.

आता पत्रलेखकांना वाटेल की ही बाई ‘नाईस’ची वकीलच आहे. तसं नाही. आजचा ‘नाईस’ मलाही आवडत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे.

दोनशे वर्षांपूर्वीच एका बाईने ते सांगून ठेवलंय. जेन ऑस्टेनची ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरात बाहेर आली. त्यात कॅथरीन नावाची भाबडी मुलगी एका पुस्तकाला जगातलं सगळ्यात ‘नाईस’ पुस्तक म्हणते. हेन्री टिल्नी हा जरा जास्तच शिकलेला तरुण तिला विचारतो, नाईस म्हणजे नीटनेटकं असंच ना? मग ते बांधणीवर अवलंबून राहील. पुढे तो म्हणतो, आजचा दिवस नाईस, आपलं फिरणं नाईस, तुम्ही दोघी नाईस. हा शब्द कशालाही चालतो. मूळ अर्थ कदाचित फक्त व्यवस्थितपणाचा, नजाकतीचा असावा, असं तो म्हणतो. मूळ अर्थ! चॉसर त्याच्या मागे चारशे वर्षं उभा राहून हसत असणार. मूळ अर्थाचा हवाला देणाऱ्या माणसाला सहसा मूळ अर्थ माहीत नसतो, त्याला फक्त आपल्या आजोबांचा अर्थ माहीत असतो. आणि टिल्नीची बहीण त्याला जे उत्तर देते ते मला पाठ आहे. ती म्हणते, हा शब्द खरं तर तुलाच लागू आहे, तोही कौतुक म्हणून नव्हे. शहाणपणापेक्षा तुझ्यात नाईसपणा जास्त. म्हणजे चोखंदळपणा. एकाच पानावर तीन माणसं एकच शब्द तीन अर्थांनी वापरतात आणि तिघंही एकमेकांना समजतात.

पुढे १९२६ साली फाउलर नावाच्या गृहस्थांनी इंग्रजी कसं लिहावं याचा कोश लिहिला आणि त्यात या शब्दाच्या दुर्दशेचा ठपका बायकांवर ठेवला. बायकांच्या फार आवडीचा झाल्यामुळे त्याचं स्वतःचं असं काही उरलं नाही, अशा आशयाचं. हे वाचून मी कोश मिटला आणि भाजी चिरायला घेतली. शंभर वर्षं आधी ज्या लेखिकेने हीच तक्रार दहापट मजेने मांडली ती काय पुरुष होती?

पण तक्रार खरी आहे. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मी गेल्या वर्षी ह्यांच्या वर्षश्राद्धाला ह्यांचा जुना फोटो टाकला होता. सायकल धरून पोवई नाक्यावर उभे असलेले, पँटला खाली क्लिपा लावलेल्या. पहिलं उत्तर आलं ‘नाईस’. पाठवणारा माझा भाचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मला ठाऊक आहे, तो ह्यांच्या खांद्यावर बसून यात्रेला गेलेला पोरगा आहे. त्याने फोटो पाहिला असेल, काहीतरी आठवलं असेल, आणि जे आठवलं ते लिहायला वेळ लागला असता. फोटो कशाचाही असो, अंगठ्याखाली हा शब्द तयारच असतो. मी त्याला फोन केला आणि विचारलं, काय नाईस रे? तर तो गप्प झाला आणि मग म्हणाला, “मावशी, त्या क्लिपा.” आणि आम्ही अर्धा तास क्लिपांवर बोललो. त्या त्याने एकदा हरवल्या होत्या, आणि काका त्याला काही बोलले नव्हते.

आणि हे खापर एकट्या इंग्रजीवर फोडता येत नाही. ‘छान’चंही आपण तेच केलंय. श्रीखंड छान, कीर्तन छान, मयताला माणसं छान जमली होती. तरुण मंडळी म्हणतात ‘भारी’, म्हणजे वजनदार. ती आनंदली की म्हणतात ‘भयंकर आवडलं’, आणि इंग्रजही ‘ऑफुली नाईस’ म्हणतात, त्यातही भय आहेच. तेव्हा ‘नाईस’ची हकालपट्टी करून त्या जागी ‘छान’ बसवल्याने वहीवरचा शेरा मराठी होईल, पण डोंगर आवडला की रंग आवडला, ते मुलीला कळायचं नाही ते नाहीच.

नातीला मी जे सांगितलं ते एवढंच, की बाईंना जाऊन विचार, काय नाईस आहे. ती विचारून आली. बाई म्हणाल्या, सगळ्यांनी किल्ला हिरवा रंगवला, तू उन्हाळ्यातला तपकिरी रंगवलास. आता त्या शब्दाला तिच्या वहीत तरी वजन आलंय. तिने लाल शेऱ्याखाली पेन्सिलीने ‘तपकिरी’ असं लिहून ठेवलंय.

पत्रलेखकांना माझा राग नाही. शब्दाच्या मुळाशी जावंसं वाटलं, ही चांगलीच खोड आहे. फक्त मुळाशी गेल्यावर तिथेच मुक्काम टाकू नये एवढी विनंती. आणि तुम्हालाही एक विनंती. आपल्या पुरवणीत जे भाषांतरित लेख येतात, त्यात मागच्या महिन्यात ‘दोन संकल्पनांमधील छान फरक’ असं एक वाक्य होतं. मूळ इंग्रजीत काय असणार ते मी ओळखलं, कारण माझ्याही हातून १९८६ साली तेच झालं होतं. तुमच्या भाषांतरकाराला रागावू नका. त्याला एक जाड कोश द्या आणि चहाला निघून जा.

विहिरीचं काय झालं, असं कोणी विचारेल म्हणून लिहिते. खालच्या कोर्टात धाकटं घर जिंकलं. थोरल्याने अपील केलं. अपील चालू असतानाच एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि दोन्ही घरांनी मिळून ती आणखी खोल करायची ठरवली. खर्च निम्मा निम्मा. तडजोडीचा अर्ज भाषांतराला माझ्याच टेबलावर आला. त्यात लिहिलं होतं, “दिवस म्हणजे सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा, असे उभयतांनी मान्य केले आहे.” भाऊसाहेब तोवर निवृत्त झाले होते, नाहीतर त्यांना दाखवला असता.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं झालं तर बिस्किटांचं कापा, विहिरीचं नको.

कळावे, आपली,
एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार, सातारा
(नाव छापू नये, ही विनंती. भाचा अंक वाचतो.)